येझदीची वायरिंग आणि बाबांचं सूत

जानेवारीतला रविवार. मिल्टनमध्ये बाहेर उणे १८, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि आमच्या घरभर आयोडेक्सचा वास! सौ. वरच्या मजल्यावरून ओरडली, "कुणाची पाठ धरली रे?"

पाठ कुणाचीच धरली नव्हती. मी खाली गॅरेजमध्ये १९७९ सालच्या येझदीची रबरं मऊ करत बसलो होतो. त्या वासाचं काय ते पुढे सांगतोच. आधी ही गाडी इथे कशी आली ते सांगायला हवं.

आम्ही मूळचे इचलकरंजीचे. बाबा यंत्रमागावर जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. माग बंद पडला की मालक, कामगार सगळे हातावर हात ठेवून जॉबरची वाट बघतात. बाबांची फेरी इचलकरंजीपासून जयसिंगपूरपर्यंत असायची आणि ती व्हायची या येझदीवर. किक आणि गिअर एकाच दांड्याला, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आणि तो 'डुग डुग डुग' आवाज. गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची.

येझदीची कुळकथाही आपल्यासारखीच, परदेशातून येऊन रुजलेल्या घराण्याची. प्रागमध्ये १९२९ साली यानेचेक नावाच्या कारखानदाराने जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकल बनवायचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' झाली. इकडे रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' उभी केली. १९६१ पासून तिथे जावा बनू लागली. १९७३ पासून तीच गाडी 'येझदी' नावाने विकली गेली. हे नाव आलं इराणमधल्या याझ्द शहरावरून. म्हणजे चेक यंत्र, इराणी नाव, कन्नड माती आणि चालवणारे आमचे बाबा! १९९६ साली तो कारखाना बंद पडला. पण आजही जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी गाड्या घेऊन जमतात.

तीन वर्षांपूर्वी दादाचा फोन आला. जुनं घर पाडून अपार्टमेंट होणार होतं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी पडून होती. दादा म्हणाला, "भंगारवाला विचारतोय. देऊ का?" मी म्हटलं, "थांब." सौ. म्हणते की त्या एका शब्दाची किंमत आम्ही अजून फेडतोय.

कॅनडात गाडी आणणं वाटतं तितकं अवघड नाही. १५ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला इथले आयातीचे वाहन-सुरक्षा नियम लागत नाहीत. अडचण आली ती वेगळीच. कॅनेडियन फूड इन्स्पेक्शन एजन्सीचा नियम असा की बाहेरून येणाऱ्या वापरलेल्या वाहनाला मातीचा कणही चिकटलेला चालत नाही. मातीतून कीड, बिया, रोग येतात आणि इथल्या शेतीला धोका होतो. नियम योग्यच आहे. पण ज्या गाडीने १८-२० वर्षं उसाच्या फडांमधून फेऱ्या मारल्या, तिच्या अंगावरून माती काढायची म्हणजे काय! दादाने ती तीन वेळा मोठ्या दाबाच्या पाण्याने धुऊन घेतली. गाडी न्हावाशेवाहून हॅलिफॅक्सला आणि तिथून रेल्वेने ब्रॅम्प्टनला आली, तेव्हा ती बाबांनीही कधी पाहिली नसेल इतकी स्वच्छ होती.

आणि तिथेच घोळ झाला होता. मला तो कळला नोव्हेंबरात.

त्या दिवशी सहा व्होल्टची नवी बॅटरी लावून मी हेडलाइटवरची ती खिळ्यासारखी चावी दाबली. दिवा लागला, पण देवघरातल्या समईसारखा. हॉर्न कण्हल्यासारखा वाजला. हँडल डावीकडे वळवलं मात्र, पेट्रोलच्या टाकीपुढून पांढरा धूर! जळक्या प्लास्टिकचा वास आला. मी बॅटरीची तार ओढून काढली. सगळं मिळून दहा सेकंद झाली असतील. टाकीत पेट्रोल नव्हतं हे नशीब.

इथली घरं तुम्हाला माहीत आहेत. गॅरेज घरालाच चिकटलेलं आणि आमच्या गॅरेजच्या बरोबर वर लेकीची खोली. सौ. खाली आली, धुराकडे बघितलं, वर छताकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "हे नीट होत नसेल तर ती गाडी या घरात राहणार नाही." ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

फ्यूज का उडला नाही म्हणून बघितलं तर फ्यूजच्या काचेच्या नळीवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला! कोण्या जमान्यात कोणा मेकॅनिकने 'काम चालवलं' होतं. असा फ्यूज कधीच उडत नाही. त्याच्याऐवजी तार जळते.

आता वायरिंगबद्दल थोडं. जुन्या गाडीच्या सगळ्या तारा एकत्र बांधून त्यावर काळी पीव्हीसीची नळी चढवलेली असते. मेकॅनिक तिला नुसतं 'स्लीव्ह' म्हणतात. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. ऊन, इंजिनची उष्णता आणि वर्षं यांनी ते द्रव्य हळूहळू निघून जातं, मग नळी आकसते, कडक होते आणि जिथे वाकते तिथे तडकते. सगळ्यात जास्त वाकते ती हँडलच्या मानेपाशी. आमच्या नळीला तिथे बोटभर लांब भेगा होत्या. दाबाचं पाणी त्या भेगांतून आत शिरलं, आतच राहिलं, बोटीच्या प्रवासात कुजत बसलं. तांब्याला हिरवा गंज चढला. ज्या धुण्याने गाडीला कॅनडाचं दार उघडलं, त्याच धुण्याने तिच्या शिरा नासवल्या.

माझ्यापुढे दोन रस्ते होते. येझदीची नवी तयार वायरिंग भारतात मिळते, महागही नाही. ती मागवायची, जुनी कचऱ्यात टाकायची. दुसरा रस्ता म्हणजे जुनी उघडून, तपासून, गरज तिथे तार बदलून वरचं कवच नवं करायचं. डिसेंबर ते मार्च इथे गाडी चालवायचा प्रश्नच नसतो, हाताशी वेळच वेळ. म्हटलं, आधी उघडून तर बघू.

रात्री बाबांना फोन केला, म्हणजे त्यांची सकाळ. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. हात थरथरतात. माग सुटले, घर सुटलं, तेव्हापासून बोलणं कमी झालंय. आमचा फोन म्हणजे, "जेवलास काय?" "हो." "थंडी?" "आहे." "बरं, आईला देतो." तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच संभाषण होत असणार. त्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, येझदीच्या वायरिंगमधनं धूर आला." पलीकडे क्षणभर शांतता. मग एकदम, "मानेजवळनं? टाकीच्या पुढं?" मी चाट पडलो. "तुम्हाला कसं कळलं?" "अरे, ती तिथंच तुटती. तू वरचं कवर बघू नकोस, ते सगळ्यांचंच तडकतंय. आत बघ."

आम्ही त्या दिवशी ४० मिनिटं बोललो.

मग रीतसर काम सुरू झालं. वायरिंग काढायच्या आधी प्रत्येक जोडाचा फोटो काढला. लेकीने प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली. मराठी शाळेत जाते, म्हणून चिठ्ठ्या मराठीत! 'हॉर्न', 'ब्रेक', एकीवर 'माहीत नाही'. एका फळीवर खिळे ठोकून अख्खी वायरिंग गाडीत होती त्याच आकारात ताणून ठेवली, म्हणजे कुठली फांदी कुठे फुटते आणि लांबी किती, ते हरवत नाही. मग नळी लांबीत चिरली. कात्री बोथट टोकाची घ्यावी, नाहीतर आतली तार कापली जाते.

तपासणी सोपी आहे, फक्त चिकाटी हवी. तार बोटाभोवती वळवायची. वरचं रंगीत आवरण तडकलं तर ती बाद. टोकाशी सेंटीमीटरभर सोलायची. तांबं लखलखीत असेल तर ठीक. हिरवं किंवा काळं असेल तर आणखी मागे कापायचं. तरीही काळंच निघालं तर अख्खी तार बदलायची. काळ्या तांब्यावर डाग धरत नाही. सहा व्होल्टच्या गाडीत हे फार महत्त्वाचं. ३५ वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टवर तीन अँपिअर ओढतो, सहा व्होल्टवर जवळजवळ सहा. प्रवाह दुप्पट, म्हणून गंजलेल्या जोडात होणारं नुकसानही जास्त. अर्धा व्होल्ट वाटेत गळला तरी दिव्याची समई होते.

गेल्या कित्येक वर्षांतल्या चिकटपट्ट्यांचा डिंक सुटून काळा चिखल झाला होता. तो स्पिरिटने पुसला. चांगल्या तारा कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळवल्या. रबरी टोप्या आणि तारा जिथून आत जातात तिथली रबरी कडी दगडासारखी झाली होती. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या एका आजोबांनी युक्ती सांगितली: एक भाग विंटरग्रीन तेल, तीन भाग रबिंग अल्कोहोल, त्यात रबर बुडवून झाकण लावून दोन-चार दिवस ठेवायचं. रबर थोडं फुगतं आणि मऊ होतं. विंटरग्रीन म्हणजे आपलं गंधपुरा तेल, आयोडेक्समध्ये असतं तेच. तर सौ.ला आलेला वास हा होता! पण एक सांगतो, हे तेल पोटात गेलं तर विषारी आहे आणि अल्कोहोल पेट घेतं. मी बाटली कुलपात ठेवली, दार उघडं ठेवून थंडीत कुडकुडत काम केलं आणि हीटर बंद ठेवला.

मानेजवळचा भाग मी शेवटी उघडला. वरची नळी, तिच्याखाली काळी कापडी पट्टी आणि पट्टीखाली… सूत. तारांचा जुडगा पांढऱ्या सुताने बांधलेला. बोटभर अंतरावर एकेक फास, प्रत्येक फास त्याच बाजूला, वीतभर लांबीत एकही ढिला नाही. सुताला मेण लावलेलं. शेड, पाऊस, बोट, सगळ्यातून ते सूत शाबूत होतं. पट्टीवाला होता कोणीही, पण हे सूत बांधणारा हात मी ओळखला.

फोटो काढून बाबांना पाठवला. लगेच फोन आला. "ते तू अजून ठेवलंयस?" मला हसावं की काय कळेना. "बाबा, मी आज पहिल्यांदा बघतोय."

"अरे, तुझ्या पॉलिटेक्निकच्या ॲडमिशनला कोल्हापूरला जायचं होतं ना सकाळी? रात्री अकराला हेडलाइट गेला. बाहेर पाऊस. टेप संपलेली. मग ताण्याचं सूत घेतलं, देवाजवळची मेणबत्ती फिरवली त्यावरनं आणि बांधलं. तात्पुरतं केलं होतं रे ते."

मला ती सकाळ आठवते. १९९७ चा जून. पहाटे पाचला निघालो होतो, मी मागे, पोटाशी प्लास्टिकच्या पिशवीत मार्कलिस्ट. रात्री गाडी बंद पडली होती हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या ॲडमिशनवर पुढचं सगळं उभं राहिलं: डिप्लोमा, डिग्री, पुणे, मग कॅनडा. आणि ते सगळं वीतभर सुतावर बांधलेलं.

पण मंडळी, आता खरी अडचण. त्या सुताच्या आतल्याच दोन तारा जळल्या होत्या. धूर तिथूनच आला होता. वरून नवी नळी चढवली असती तर गाडी देखणी दिसली असती, सूतही वाचलं असतं आणि माझ्या लेकीच्या खोलीखाली एक कुजलेली तार तशीच राहिली असती. सूत न कापता त्या तारा बदलणं शक्यच नव्हतं. मी दोन दिवस फळीजवळ नुसता जाऊन परत यायचो. कात्री उचलवेना.

शेवटी बाबांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "मग काप की! सूत कशासाठी असतंय? मागावर दिवसातनं किती वेळा तुटतंय, आपण गाठ मारून पुढं जातोच ना? तार नवी घाल. बांधायचं मी दाखवतो."

कापलं.

पुढचे चार रविवार आमची शाळा भरली. बाबा इकडे फोनच्या पडद्यावर, समोर खुर्चीच्या हातावर आईची परकराची नाडी बांधून मला फास दाखवायचे. बोटं थरथरायची, नाडी निसटायची, पण ते सोडायचे नाहीत. "दोरा खालनं घे. खालनं! आता ओढ. तसा न्हाई, तारेच्या अंगानं ओढ." दादाने कुरिअरने सुताचा छोटा कोन पाठवला. मधमाश्यांचं मेण मी सेंट जेकब्सच्या शेतकरी बाजारातून आणलं. सूत पाणी धरतं, म्हणून मेण हवंच. दोरा संपला की मागावर तुटलेलं सूत जोडताना मारतात ती गाठ. ती शिकायला मला दीड रविवार लागला. बाबा लहानपणी ती डोळे मिटून मारायचे.

आता कामाच्या गोष्टी, कुणाला उपयोगी पडतील म्हणून. नळी चढवताना ती गरम पाण्यात बुडवून घ्या, मऊ होते. तारांना शंखजिरे पावडर लावा, सरकतात. पट्टी गुंडाळायचीच असेल तर बिनडिंकाची घ्या, फक्त टोकं चिकटवा. नळीचं खालचं टोक बंद करू नका, शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी. मानेजवळ तार ढिली ठेवा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. सांगाडा रंगवला असेल तर अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून काढा, नाहीतर रंगच आडवा येतो. खरा फ्यूज लावा. आमच्या गाडीचा सगळा भार साधारण १० अँपिअर, म्हणून १५चा लावला. आणि पहिल्यांदा वीज सोडताना बॅटरी आणि वायरिंग यांच्यामध्ये हेडलाइटचा एक जुना बल्ब जोडा. कुठे शॉर्ट असेल तर तो बल्ब लख्ख पेटतो, तार जळत नाही.

मार्चअखेर मी तसंच केलं. सौ. आग विझवायचा सिलिंडर घेऊन दारात उभी. आधी सगळी बटणं बंद ठेवून बल्ब मध्ये जोडला. तो पेटला नाही. हँडल डावीकडे, उजवीकडे वळवलं. नाहीच पेटला. मग बल्ब काढून थेट जोडणी केली आणि चावी दाबली. हेडलाइटचा झोत समोरच्या बर्फाच्या फावड्यावर पडला. बाबा फोनवर बघत होते. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डिपर मार बघू." मारला. "हॉर्न." वाजवला. "हां." एवढंच. पण आईने नंतर सांगितलं की त्या दिवशी ते खाली चौकात जाऊन चार जणांना सांगून आले, गाडी कॅनडात चालू झाली म्हणून.

सेफ्टी सर्टिफिकेटची तपासणी पार पडली. जूनमध्ये पॅरिसला गाडी नेली. फ्रान्सचं नव्हे, आपल्या ऑन्टॅरिओतलं पॅरिस, ब्रँटफर्डजवळचं. कॅनेडियन व्हिंटेज मोटारसायकल ग्रुप ही १९६७ पासूनची संस्था, तिचा मेळावा तिथल्या जत्रेच्या मैदानावर भरतो. ब्रिटिश गाड्यांच्या रांगेत आमची येझदी म्हणजे लग्नात आलेली गावाकडची आत्या. डाउन्सव्ह्यूच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ वाकून टाकीखाली बघत राहिले. म्हणाले, "हे लेसिंग कुणी केलं?" तेव्हा कळलं की मेणाच्या दोऱ्याने तारा बांधायची ही पद्धत विमानांत आणि जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिला नाव होतं, तिचं शिक्षण दिलं जायचं. आमच्या बाबांनी ती कुठेही न शिकता, एका पावसाळी रात्री, पोराला वेळेवर पोचवायचं म्हणून केली होती.

मी म्हटलं, "वडिलांनी शिकवलं." त्यांनी विचारलं, "तेही विमानात होते?" मी म्हटलं, "नाही, कापडात."

जुनं कापलेलं सूत मी फेकलं नाही. एका छोट्या डबीत घालून गाडीच्या हत्यारांच्या पेटीत ठेवलंय. आणि तुमच्यापैकी कुणाची गाडी गावाकडे शेडमध्ये पडून असेल, तर भंगारवाल्याला हो म्हणायच्या आधी एकदा टाकीखाली बघायला सांगा. आणि ती गाडी ज्यांनी सांभाळली ते अजून फोन उचलत असतील, तर त्यांना विचारा, धूर कुठून येतो. आमचे बाबा आता दर रविवारी स्वतःच फोन करतात. 'जेवलास काय' नंतर विचारतात, आधी विचारतात, "चार्जिंग किती दाखवतंय?"